एका चेहऱ्याचे चार भाऊ

भाचीच्या चित्रकलेला माझ्या भावाने शेवटची मुदत दिली होती. हे चित्र गिऱ्हाइकाने ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर साताऱ्यातच बँकेच्या परीक्षेचा क्लास. म्हणून चित्र सांगलीला पोचवायची जबाबदारी मी घेतली. गाडी, सुतळी, दोन जुन्या चादरी, वाटेत कुठे खरवडलं तर रंग आणि ब्रश, सगळं आदल्या दिवशीच काढून ठेवलं.

गिऱ्हाईक म्हणजे सांगलीजवळच्या कुपवाडचे एक कारखानदार. पैसेवाले आणि चित्रांचे खरे शौकीन. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतून चित्रं आणून बंगला भरलेला. त्यांना पॉप आर्टमधलं स्वतःचं चित्र हवं होतं: चेहरा एकच, पण चार चौकटींत, चार भडक रंगांत. भाचीने चेहरा हुबेहूब उतरवला होता. मिशा, डाव्या गालावरचा तीळ, काही सुटलं नव्हतं.

भाचीला घेऊन मी त्यांच्या बंगल्यावर पोचले. घर एकत्र, त्यामुळे दिवाणखान्यात सगळेच जमले. मी चादर काढली. कारखानदारांच्या आई पुढे आल्या, चारही चौकटींवरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"चौघं भाव एका जागी! थोरल्या, लय चांगलं केलंस रं."

कारखानदारांना खरोखरच तीन धाकटे भाऊ होते, आणि चौघांच्या मिशा एकाच वळणाच्या.

"ह्यो गुलाबी धाकटा, ल्हानपणापासनं गोराच," आई वाटणी करू लागल्या. "निळा दोन नंबरचा. पिवळा तीन नंबरचा."

"मला पिवळा का?" तीन नंबरचे म्हणाले. "कावीळ झाल्यागत दिसतोय."

"गप. थोरला हिरवा हाय, तरी बोलतोय का काही?"

भाची माझ्या कानाशी लागली. "आत्या, चारही तेच आहेत. सांगू?"

मी तिचा हात दाबला. सांगायचं तर त्यांनी सांगावं. कारखानदारांनी एकदा निळ्या चौकटीकडे पाहिलं. ती सगळ्यांत देखणी झाली होती. मग आईकडे पाहिलं.

"व्हय आई. चौघं."

एवढ्यात धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "पण आवं, तीळ तर मोठ्या भावजींनाच हाय. हितं चौघांना कसा?"

कारखानदार भाचीकडे वळले. "घाईत चुकलं बघ तुझं, पोरी. रंग आणलेत का?"

चुकलं म्हणताच तिचा चेहरा लाल झाला. मी ब्रश तिच्या हातात कोंबला.

"तीळ कुणाचा ठेवू?" तिने विचारलं.

"हिरव्याचा," ते सुस्कारा टाकून म्हणाले.

रंग वाळल्यावर चित्र आईंच्या खुर्चीसमोर लागलं. कारखानदार आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आले.

"माझं अजून एक कर," ते हळूच म्हणाले. "ऑफिसात लावतो. चौकट एकच. निळी."

मी तिथूनच भावाला फोन लावला. चित्र ठेवलं, वर दुसरं सांगितलं.

"मग क्लासवाल्यांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं," मी म्हणाले आणि भाचीला सुतळी गुंडाळायला लावली.