राणीची लाज आणि कारापूरच्या डॉक्टरीणबाई

डॉ. मालतीबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायचे ठरले, तेव्हा घरचे म्हणाले, "ती गजाल सोडून दुसरें कितेंय बरय." पण बाईंची आणि माझी ओळखच त्या गजालीने, त्या गोष्टीने झाली. ती वगळली तर लिहू काय?

गोवा नुकताच राज्य झाला होता. मी पेडण्याकडच्या हळर्णचा, दशावतारी कंपनीत राणीचे काम करणारा. रात्रभर घट्ट लुगडे, आत घामाने भिजलेला कासोटा. जांघेत नायटा पसरला. फेणी चोळून पाहिली. त्या दिवशी अंगणात मी जसा नाचलो तसा मंडपात कधी नाचलो नाही. खाज थांबेना, बसता येईना. शेवटी कंपनी सोडायचे मनात आले आणि रडू कोसळले.

पेडण्यात कोणी ओळखील या धास्तीने मी डिचोलीकडचे कारापूर गाठले. दवाखान्याच्या सोप्यात बघतो तर आमच्याच कंपनीचे राजे, बाबलोमामा! "खोकलो जाला रे," ते म्हणाले. "म्हजें पोट दुखता," मी म्हणालो. बाक रिकामा होता, तरी दोघेही उभेच.

सोप्यात कोकणी-मराठीचा वाद जोरात रंगला होता. आत गेल्यावर मला मात्र दोन्ही भाषांतला एकही शब्द सुचेना. बाई दशावताराच्या शौकीन; त्यांनी मला पाहताक्षणी ओळखले. दार लावून घेत त्या हसल्या, "मराठीत सांग, कोंकणीत सांग, नाजाल्यार बोट दाखय. पूण सांग! सगळ्या गांवामुखार राणी जावन नाचता, आनी हांगा लजता?"

त्यांनी कपाळावर आठी न आणता तपासले, मलम दिले. अंग कोरडे ठेव, कपडे उन्हात वाळव, एकमेकांचे घालू नका, आणि बरे दिसले म्हणून मलम मध्येच सोडू नको, असे बजावले. "बाबलोमामांक कितें जालां?" मी विचारले. "तें म्हाका विचारचें न्हय," बाई म्हणाल्या. तो विश्वास त्यांनी आजवर कोणाचाही मोडलेला नाही.

मी पुरता बरा झालो, पण सिंहासनावर राजांची चुळबुळ चालूच होती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. एका खेळात मी भर दरबारात म्हटले, "महाराज, नायट्याची लाज कसली? कारापूरला डॉक्टरीणबाई आहेत. मी जाऊन आले, बरी झाले!" मंडपात एकच हशा पिकला. राजे गांगरले, मग मान खाली घालून म्हणाले, "राणीसाहेब, आम्हीही गेलो होतो. दारातूनच परतलो!"

दुसऱ्या दिवशी त्यांना मीच घेऊन गेलो. हळूहळू सगळी कंपनी गेली, मग खेळ बघणारेही जाऊ लागले, बायकाही. इब्रामपूरची माझी मेहुणी किती वर्षे सोसत होती, ते तेव्हा कळले. बाई नसत्या तर ती आणखी सोसत राहिली असती.

बाई, तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तुमच्या दारातून कोणी परत न फिरो. त्या दिवशी तुमच्यासमोर माझा आवाज फुटत नव्हता. आज हे सगळ्यांसमोर, राणीचा आवाज न काढता, माझ्याच आवाजात सांगतो आहे.