डोहातल्या माद्या

लग्न होऊन मी हिर्डोशीला आले तेव्हा भाटघरच्या धरणात पाणी साठायला लागून काही वर्षं झाली होती. माहेर माझं भोरचं. सासरी माणसं दोनच, मी आणि सासूबाई. मालक मुंबईला गिरणीत. गावातल्या बहुतेक घरांची हीच तऱ्हा. शेत, गुरं, लाकूडफाटा, पाणी, सगळं बायकांच्या अंगावर. गावात उरलेले पुरुष म्हणजे काही म्हातारे, पाटील आणि भगत. हुकूम मात्र त्यांचा चालायचा.

उन्हाळ्यात नीरा आटायची आणि खडकाच्या कुशीत एक डोह तेवढा राहायचा. प्यायचं पाणी तिथलंच. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, आसरांचे. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. बायका त्यांना हळदकुंकू वाहायच्या, मीही वाहायची. हे आधीच सांगते, कारण पुढं मला नास्तिक म्हणणारेही निघाले.

चैत्र सरत आला होता. एका सकाळी घागर बुडवायला वाकले तर पाण्यात काहीतरी हललं. आधी वाटलं, उन्हाची तिरीप असेल. मग नीट दिसलं. रुपयाएवढं, काचेसारखं, आरपार. छत्री मिटावी आणि उघडावी तसं ते अंग आखडायचं, सैल सोडायचं, आणि दर वेळी थोडं वर चढायचं. पार वर आलं की हालचाल थांबवायचं आणि कडेचे केसासारखे धागे पसरून सावकाश खाली उतरायचं. एक दिसलं आणि मग सगळा डोहच त्यांनी भरलेला दिसला. मी ओंजळीत एक उचललं. पाणी बोटांतून गळून गेलं तसा त्याचा आकारही गेला. तळहातावर नुसता ओला डाग राहिला.

घागरीतून तसली दोन घरी आली. नवी कल्हई केलेल्या परातीत मी ते पाणी ओतलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्या गुडघ्यावर हात टेकून बराच वेळ बघत राहिल्या. डोळे नाहीत, डोकं नाही, हाड नाही, रक्त नाही. मग हे जगतं कशावर, असं त्यांनी विचारलं. मला तरी कुठं ठाऊक होतं. शेजारीण डोकावली, तिनं आणखी दोघींना बोलावलं, आणि दुपारपर्यंत गावात बातमी झाली.

वाईट एवढंच झालं की त्याच आठवड्यात शेजारणीचं वासरू मेलं आणि दोन पोरांना हगवण लागली. भगताच्या अंगात आलं. ते आसरांचे डोळे आहेत, भोरच्या सुनेनं ते घागरीत भरून घरी नेले, म्हणून देवी कोपल्या, असं त्यानं सांगितलं. बोकड द्यायचा, आणि पाऊस पडेपर्यंत मी डोहाला शिवायचं नाही. पाणी आणायचंच तर घाटाकडच्या झऱ्यावरून. तो झरा कसला, दगडातून ठिबकणारी धार. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची.

पाटलांनी हे आमच्या ओट्यावर येऊन सांगितलं. सासूबाई दारात बसल्या होत्या. मी पदर सावरून म्हटलं, "बोकड न्हाई आमच्याकडं. आनि पानी मी डोहातलंच भरनार." पाटील माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले की सुनेला समजवा. ते गेल्यावर मला वाटलं आता घरात बोलणी खावी लागणार. पण सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि एवढंच विचारलं, "भ्या वाटतंय का तुला?"

"वाटतंय," मी म्हटलं.

"मंग उजेडात जा. समद्यांनी बघू दे."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मी निघाले. काठावर भगत, पाटील आणि आणखी चारपाच म्हातारे उभे होते. बायका घागरी घेऊन बाजूला थांबल्या होत्या. कुणी मला हात लावून अडवलं नाही; परक्याच्या सुनेला हात कोण लावणार? ते नुसते वाटेत उभे राहिले. मी वाट सोडली, खडकावरून उतरले आणि घागरीसकट कमरेइतक्या पाण्यात गेले. पाणी हललं तशा त्या काचेच्या छत्र्या बाजूला झाल्या, मग पाणी निवळल्यावर परत आल्या. माझ्या दंडाला, मनगटाला त्यांचे धागे लागले. ना खाज, ना जळजळ. मी हात वर करून काठावरच्यांना दाखवला.

"बघा," मी म्हटलं, "देवीचा कोप आसंल तर हितं माझ्यावर हुं दे. लोकांच्या वासरावर कशाला?"

मी घागर भरली. वळले तर सासूबाई त्यांची कळशी घेऊन पाण्यात उतरत होत्या. सांधे धरलेली बाई ती, खडकावरून बसत बसत आली होती. त्यांनी कळशी भरली, आणि आम्ही दोघी अडवलेल्या वाटेनं, त्याच माणसांच्या मधून वर आलो.

त्याचा दंड झालाच. राब भाजायचे दिवस होते. नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, माती थरानं रचून पेटवायची, तर ते एकट्यादुकट्याचं काम नाही. आग पसरू नये म्हणून चार घरची माणसं लागतात. आमच्याकडं कुणी आलं नाही. विस्तव मागायला गेले तर एकीनं दार लोटून घेतलं. आम्ही दोघींनी झाडांच्या पानाळ डहाळ्यांची कवळं तोडली, वाहिली, राब रचला, आणि वारा पडलेला बघून तुकड्यातुकड्यानं भाजला. माझी भुवई जळाली. सासूबाई त्या दिवशी मला बघून हसल्या ते मला अजून दिसतं.

माझा थोरला भाऊ भोरला शाळेत शिपाई होता. तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला डोहावर नेलं. परत गेल्यावर त्यानं शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी ते त्याच्याबरोबर चालत आले. धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि लहान मुलासारखे बघत राहिले. ही जेलीफिश, म्हणाले. समुद्रात असते ती मोठी, हिची ही गोड्या पाण्यातली बहीण. साताऱ्याकडच्या नद्यांत सापडल्याचं त्यांनी वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

तोवर बायका जमल्या होत्या, भगतही आला. मास्तरांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. हिला मेंदू नाही, काळीज नाही. अंग बहुतेक पाण्याचंच, म्हणून पाण्याबाहेर ती उरत नाही. कडेच्या धाग्यांत बारीक नांग्या असतात, त्यांनी ती पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे मारून खाते. माणसाच्या कातडीत त्या शिरत नाहीत. तोंड मधोमध, आणि खाल्लेलं उरलंसुरलं बाहेर टाकायचं तेही तिथूनच. यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. वर्षभर तिचं मूळ डोहाच्या दगडांना चिकटून असतं, मोहरीहून लहान. पाणी तापलं की झाडाला कळी यावी तशी त्याला कळी येते, सुटते आणि पोहायला लागते.

भगत म्हणाला, "आनि त्यात देवी न्हाई कशावरनं?"

मास्तर खोचलेलं धोतर सोडायला लागले. त्यांना ते खोटं पाडता येईना, की पाडायचं नव्हतं, कोण जाणे. मीच म्हटलं, "आसंल की. मंग तिच्या घरचं पानी तिच्या लेकीसुनांनी का भरू न्हाई?"

मास्तर काही बाटलीत घालून घेऊन गेले. आठवड्यानं भावानं निरोप आणला. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मास्तरांनी जेवढ्या बघितल्या तेवढ्या सगळ्या माद्या निघाल्या. एका डोहात बहुधा एकाच जातीच्या असतात, नर तर नर, माद्या तर माद्या, आणि तरी दगडावरच्या मुळातून दर साली नव्या येत राहतात. मी हे पाणवठ्यावर सांगितलं. सासूबाई घागर घासता घासता म्हणाल्या, "ह्यांचेबी समदे म्हमईला गेल्यात वाटतं." काठावर जो हशा उठला, त्यात आमच्या तोंडावर दार लोटून घेणारीही होती. दुसऱ्या दिवशी तीच विस्तव घेऊन आली.

पाऊस आला, नदी लाल होऊन वाहिली आणि डोहातल्या माद्या दिसेनाशा झाल्या. शेजारणीनं बोकड दिला होता. भगत म्हणाला, बोकडानं काम केलं. गणपतीला मालक आले. मुंबईत गावचे गिरणीवाले एकत्र राहायचे त्या खोलीवर त्यांना सगळं आधीच कळलं होतं. ते चिडले नव्हते, लाजले होते. चूक झाली म्हणून भगताकडं नारळ ठेव आणि विषय मिटव, म्हणाले. मी नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नाही म्हटलं. ते आईकडं वळले.

"तिनं डोहात पाय घातला तवा मीबी घातला," सासूबाई म्हणाल्या. "नारळ ठिवायचा तर दोघींनी ठिवला पायजे. मी न्हाई ठिवनार."

ते मुंबईला परत गेले ते नारळ न ठेवताच.

पुढच्या वैशाखात डोह पुन्हा त्या माद्यांनी भरला. भगतानं या खेपेला काही काढलं नाही. बायका घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी भरायच्या, म्हणजे त्या आत येत नाहीत. गावात त्या साली नवी सून आली होती, भोंगवलीची. ती काठावर थबकली आणि मला विचारलं की ह्यात उतरलं तर काही होतं का. मी म्हटलं, काही होत नाही, ये. ती आली.