आधी घड्याळ, मग मी

मेहरूणकडच्या एका प्रयोगशाळेला पिंजऱ्यांत अंथरायला मी माझ्या वखारीतला लाकडाचा भुसा पुरवतो. तिथला एक संशोधक उंदरांच्या मेंदूत रक्ताची गाठ तयार करून त्यांना पक्षाघात घडवतो आणि मग गाठ विरघळवायचं औषध टोचतो. मधला वेळ मोजायचा असतो, म्हणून काहीही घडलं की हा गृहस्थ आधी भिंतीवरचं घड्याळ पाहतो. चहा सांडला तरी.

एकदा भुसा ओला म्हणून त्याने माझी पोती परत पाठवली. ओला नव्हता, दमट होता. मी भांडायला उभा राहिलो आणि भांडता भांडता जीभ जड झाली, उजवा हात लोंबला. मी कोसळत होतो. त्याने घड्याळ पाहिलं, मग मला धरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. त्याने मिनिटासकट सांगितलं, म्हणून मला ते वेळेत मिळालं.

बरा झाल्यावर मी जाब विचारायला गेलो. "मी पडत होतो अन् तू घड्याळ पाहत होता?"

"तुम्ही जमिनीवरच सापडले असते, भाऊ. वेळ कुठे सापडली असती? आता जरा हसून दाखवा."

मी रागाने दात दाखवले.

"तोंड सरळ आहे," तो खूश होऊन म्हणाला. "आमचे उंदीर इतके सुधारत नाहीत."