ताईचा न सुटणारा उपास

माझ्या मामेबहिणीइतकं अन्नावर जीव टाकणारं माणूस आख्ख्या खामगावात सापडणार नाही. ते अन्न तिच्या स्वतःच्या पोटात जाऊ नये, एवढीच तिची अट. कुणाकडे रोडगे लागले की गोवऱ्यांच्या धुराच्या वासावरून ताई सांगायची, कणीक घट्ट भिजली की सैल. दुपारी ओट्यावर बसून ती वांग्याच्या भाजीचं वर्णन सुरू करायची तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटायचे, आवाज खाली यायचा, आणि वाटायचं की ही लहानपणी सुटलेल्या एखाद्या गावाबद्दल बोलते आहे. तिथे तर्रीवर ऊन पडलंय, वारा लसणाच्या फोडणीचा आहे आणि परत जायला हिला मनाई आहे. मग उठून ती खरोखरच ती भाजी करायची, गल्लीभर डबे पाठवायची, कुणी घास कमी खाल्ला तर रुसायची. स्वतःचं विचारलं की ठरलेलं उत्तर, आज उपास हाय.

सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार शेगावच्या महाराजांचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार कुण्या देवाने मागितला नव्हता, तो तिने आपणहून देऊन टाकला. रविवारी तिला पित्त व्हायचं. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे, ती दुसऱ्यांसाठी. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना ही स्वेटर घालून फिरायची आणि म्हणायची, "मले आतूनच थंडी वाजून राह्यली." आम्ही हसायचो. गल्लीतल्या बाया हसायच्या नाहीत, पाया पडायच्या.

हे कशावरून सुरू झालं तेही सांगते, कारण गप्प बसायचं मला जमत नाही. मी मुलींच्या संघटनेत पत्रकं लिहिते. ताईला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या आत्याने पोह्यांची दुसरी बशी संपवता संपवता सांगितलं की पोरगी छान हाय, जराशी भरली हाय. पोहे ताईनेच केले होते. त्या दिवसापासून तिचं ताट आटत गेलं आणि कौतुक वाढत गेलं. भूक मारणाऱ्या पोरीला आपल्याकडे दोनच पदव्या मिळतात, सडपातळ आणि सात्त्विक. आजारी हा तिसरा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. यायला हवा, आणि मोठ्याने यायला हवा.

मग मामीकडच्या हळदीकुंकवाला ताई कुंकू लावता लावता जमिनीवर कोसळली. हात गार, डोळे फिरलेले. आमच्या शहाण्या बायांनी काय करावं? देवी अंगात आली म्हणून तिच्या कपाळावर मळवट भरला, ओटी भरली, आणि एकीने वाकून तिच्या कानात विचारलं, "माय, माह्या पोराची नोकरी कधी लागन?" मी ओरडून त्यांना बाजूला सारलं आणि पाणी मागितलं, तर देवीशी असं बोलतात का म्हणून मलाच दटावलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि खात जा असं सांगितलं. हा सल्ला तिला आम्ही सगळेच देत होतो. शेवटी मी सरकारी मदतीच्या मोफत फोनवर विचारलं. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं की हा खाण्याचा आजार आहे, तो जिवावर बेततो आणि त्याला उपचार आहेत. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. मामा भडकले. पोरगी येडी हाय का, हे कोनाले समजलं तर सोयरीक करन कोन, असं बरंच. मी म्हटलं, "मामा, सोयरीक कराले पोरगी जित्ती लागते." मामीने चपला घातल्या.

गल्लीत सांगितलं की शेगावला दर्शनाला चाललो. चूक झाली. दारोदारच्या बायांनी महाराजांसाठी नारळ आणून दिले, आणि देवाचा नारळ घरी कसा ठेवायचा म्हणून ताईने ते सगळे पिशवीत घेतले. असे आम्ही मनोविकाराच्या डॉक्टरांच्या दारात नारळाचं ओझं घेऊन पोहोचलो. पिशवी कलंडली, एक नारळ गडगडत थेट डॉक्टरांच्या टेबलाखाली गेला. डॉक्टर मध्यमवयीन मुस्लिम बाई. नारळ उचलून त्यांनी पुसला आणि कुणाच्या नावाचा म्हणून विचारलं. ताई खुलली. सगळे वार, सगळे देव तिने सांगितले. डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "आमचा रोजा सूर्य बुडाला की सुटतो. तुमची एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते. तुझा हा उपास कधी सुटतो, बेटा?"

ताईने नारळ जवळ ओढून त्याची शेंडी बोटाने सरळ केली. "याले पारणं नाही," ती म्हणाली. "सोडाचा म्हटलं तरी सुटत नाही."

"मग तो देवाचा नाही. हा आजार आहे, आणि त्यात तुझा काही गुन्हा नाही."

मामी पदरात तोंड घालून रडली. ताई रडली नाही. तिने स्वेटरचं बटण उघडलं, पुन्हा लावलं.

तेव्हापासून तपासण्या, औषध, आहार ठरवून देणाऱ्या मॅडम, समुपदेशन असं सगळं चाललंय. घरात कुणी तिच्या जाड-बारीक असण्यावर बोलायचं नाही, ताटाकडे टक लावायची नाही, एकाने सोबत जेवायचं. ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. अजून कधीकधी ताट तसंच परत येतं आणि मामी ते मुकाट्याने झाकून ठेवते.

परवा बुलढाण्याहून परतताना एसटी बोथ्याच्या जंगलात शिरली. सागाची पानं गळून गेलेली, सगळीकडे पिवळा धुरळा उजेडात तरंगत होता. ताई काचेला डोकं टेकून झोपली असेल असं मला वाटलं. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मले भूक लागल्यासारखं वाटून राह्यलं वं," जणू झाडांमागे लांबवर काही हललं आणि ते खरंच होतं का, याची तिला खात्री नव्हती. मी पर्समधली फुटाण्यांची पुडी उघडून आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि तोंड फिरवून जंगलाकडे पाहायला लागले. गाडीचा खडखडाट फार होता. तरी कान देऊन ऐकलं तर अधूनमधून, खूप थांबून थांबून, एक फुटाणा दाताखाली फुटल्याचा आवाज येत होता.