पोरींची वाटणी

कोल्हारच्या आबासाहेबांना आपल्या घराण्याच्या रक्ताचा भारी अभिमान. त्या रक्तानं आजवर काय दिवे लावले, हे विचारायची गावात कुणाची टाप नव्हती. बागायत, ट्रॅक्टर आणि सोसायटीत खुर्ची असली की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं, तसं त्यांचं झालं होतं.

पंच्याण्णव साली त्यांच्या नातीला, सात वर्षांच्या माधुरीला, साखरेचा आजार निघाला. पोर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि तरी वाळत चालली होती. नगरच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली. तिची आई पुष्पावती ती टोचायला आठ दिवसांत शिकली. आबासाहेबांनी त्याच आठ दिवसांत एवढंच शोधून काढलं, की दोष सुनेच्या माहेरच्या रक्ताचा.

आता माधुरीची जुळी बहीण रेश्मा मात्र ठणठणीत होती. दोघी इतक्या सारख्या, की खुद्द बाप, श्रीमंत, हाक मारताना चुकायचा. पुष्पावतीनं डॉक्टरांना विचारलंच, मग हिलाच का?

डॉक्टर म्हणाले, "एकाच गर्भाचे दोन झालेत, त्यामुळं आईबापाकडून आलेलं दोघींत सारखंच आहे. पण नुसत्या त्यानं आजार होत नाही. एखादा ताप, पोटात असतानाचं काही, आणखी कितीतरी, जे आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. त्यानं शरीरातली काही बटणं चालू होतात, काही बंद राहतात, असा अंदाज आहे. रेश्माला उद्या होईलही, पण न होण्याचीच शक्यता जास्त. यात तुमचा दोष नाही."

श्रीमंत तिथंच बसला होता. घरी येऊन हे बापाला सांगायला काय जात होतं? पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. असल्या नवऱ्याची कीव करावी, असंही पुष्पावतीला वाटेना.

दिवाळीनंतर आबासाहेबांनी चार पाहुणे जमवून बैठक घेतली. निकाल आधीच ठरलेला. पुष्पावतीनं माधुरीला घेऊन पाथर्डीला माहेरी जायचं, रेश्मा इथं राहील, श्रीमंतचं दुसरं लग्न होईल.

"चांगली पोर आमची हाय," आबासाहेब म्हणाले. "बिघडलेली तुजी तू ने."

पाहुण्यांनी चहाचे कप खाली न ठेवताच माना डोलावल्या. रेश्मा आज हातची गेली की कायमची गेली, हे पुष्पावतीला कळत होतं. ती रडली असती तर बैठकीला बरंच वाटलं असतं. ती रडली नाही.

"मामा, डाक्टर म्हनले दोघींचं रगत एकच हाय. आज हिला झालंय, उद्या तिलाबी हुईल. मग तिला रोज सुई कोन टोचनार?"

आबासाहेबांनी दारात उभ्या असलेल्या रेश्माकडं पाहिलं. कालपर्यंत तिला मांडीवर घेऊन मिरवायचे. त्यांनी नजर काढून घेतली.

"दोघींना घिऊन जा," ते म्हणाले. घराण्याच्या रक्ताची माया ती एवढीच. श्रीमंत खाली मान घालून सुपारी कातरत राहिला.

दुपारच्या एसटीत माधुरी झोपून गेली. रेश्मा जागीच होती.

"आई, मला कवा हुईल?"

"न्हाई हुनार बहुतेक. डाक्टरच म्हनले."

"मग आबांना तसं का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं," पुष्पावती म्हणाली, "तर त्यांनी तुला ठिवून घेतलं असतं."