ओढ्यात ठोकलेला तंबू

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फैहान स्वतःला वाळवंटाचा लेक म्हणवतो. जन्म रियाधमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला, वाढला एसीच्या वाऱ्यात, आणि नोकरी पार्किंगच्या परवान्यांवर शिक्के मारायची. त्याचे आजोबा कापडाचे दुकानदार होते. त्यांनी उंट पाहिला असेल तर तो ताटात. पण हिवाळा लागला की याच्या अंगात सात पिढ्यांचे बदू, वाळवंटातले भटके, संचारतात. डोक्यावरचा लाल रुमाल कपाळाभोवती गुंडाळतो, आवाज घोगरा करतो आणि गुरुवार आला की सगळ्या घराला गाडीत कोंबून वाळवंटात मुक्कामाला नेतो.

गाडीच्या मागे त्यानं सुताराकडून खणांचं कपाट करून घेतलंय. कॉफीच्या पितळी किटल्या, वेलदोडे, खजूर, बाभळीची लाकडं, सगळ्याला आपापली जागा. माणसांना तेवढी नाही. आमची आई गुडघ्यांनी अधू, ती मधल्या सीटवर घोंगड्यांच्या ढिगाऱ्यात दाबून बसते आणि वर त्यालाच दुवा देते. आईला मुलगा नाही. ती फैहानच्या घरी राहते, म्हणून जावयालाच तिनं मुलगा करून टाकलंय. तो म्हणेल ती पूर्व दिशा. मी विधवा, वेगळी राहते, त्यामुळे माझी जीभ मोकळी आहे.

मुक्कामावर त्याचे कायदे असतात. जाळ फक्त त्यानंच पेटवायचा, कारण बायकांच्या हातानं म्हणे तो नीट लागत नाही. स्वतः मात्र अर्धी बाटली रॉकेल ओततो. दुसरा कायदा बायकांच्या तंबूचा. परक्या पुरुषाची नजर पडता कामा नये. पडद्याला माझी ना नाही, मीही परक्यांपुढे उघड्या तोंडानं बसत नाही. पण आमचे वडील टेकाडावर तंबू ठोकायचे आणि भोवती कनात लावायचे. कनात ठोकायला घाम गाळावा लागतो. फैहानला तेवढा दम कुठला? त्यानं सोपी युक्ती काढली. बायकांचा तंबू कोरड्या ओढ्यात. दोन्ही बाजूंना उभे काठ, पडदा फुकटात. त्याचा गालिचा, शेकोटी आणि गाडी मात्र वर काठावर, येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसेल अशी.

गेल्या हिवाळ्यात असेच निघालो होतो. शहर मागं पडलं आणि सगळ्यांचे फोन एकदम केकाटले.

‘सत्तामचे बाबा, पावसाचा इशारा आलाय,’ माझी बहीण तरफा म्हणाली. ‘ओढ्यांपासून लांब राहा म्हणतायत.’

‘मला फोन शिकवणार पाऊस? मी वासावरून सांगतो. ढग तिकडे डोंगराच्या कड्यावर आहेत, आपल्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.’

‘वास येतोय का पण? सकाळपासून शिंकतोयस,’ मी म्हटलं.

‘वदहाताई, शहरातल्या बायका तुम्ही. ढग दिसला की घाबरलात.’

‘तू कुठला रे? तुझं घर आमच्या मागच्या गल्लीत.’

‘पुरे गं,’ आई घोंगड्यांतून बोलली. ‘कर्ता माणूस आहे तो. त्याला कळतं.’

झालं. तंबू ओढ्यात ठोकला गेला.

काठावर थोड्या अंतरावर बकऱ्यावाल्यांचा तळ होता. फैहाननं नाक मुरडलं. ‘रानटी लोक. टकमक बघत बसतील. कुणी वर यायचं नाही.’ मग त्यानं आमचं जेवण वरूनच, परात दोरीला बांधून खाली सोडलं. कैद्यांनासुद्धा जरा मानानं वाढत असतील.

दुपार कलली तसं उत्तरेचं आभाळ विटकरी झालं. बघता बघता धुळीची भिंत अंगावर आली. दातांत वाळू, डोळ्यांत वाळू, तंबूचा खांब धरून आम्ही बसलो. धूळ सरते न सरते तोच गारा सुरू झाल्या. पोरं रडायला लागली तशी तरफानं कायदा मोडला आणि त्यांना घेऊन वर चढली. वाळवंटाचा लेक कुठे होता? गाडीत. काचा वर करून.

आईला काही चढता येईना. मी तिच्या काखेत हात घालून ओढत होते, काठाची माती हातात येत होती. गारा थांबल्या आणि त्या शांततेत वरच्या अंगानं घरघर ऐकू आली. आमच्यावर पाऊस असा पडलाच नव्हता. तो कड्यावर पडला होता आणि आता ओढ्यानं खाली येत होता. आधी फेस आला, काटेरी झुडपं आली, मग गढूळ पाणी घोट्याला लागलं आणि लगेच गुडघ्याला. आई ‘या अल्लाह, या अल्लाह’ करत माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. मला वाटलं, गेली माझी आई.

‘फैहान!’ मी जीव खाऊन ओरडले. ‘खाली ये! आई वाहून जाईल!’

तो काठावर आला. आम्हाला पाहिलं, पाणी पाहिलं आणि मग बाजूला पाहिलं. तळावरचे बकऱ्यावाले आमच्याकडे धावत येत होते. तेव्हा हा पुरुष दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, ‘तोंडं झाका! परके येतायत! तोंडं झाका!’ आणि वळून पळाला. काठ ढासळत होता ना, गाडी मागे घ्यायची होती.

माझा हात सुटला असता तर आई मेली असती, झाकलेल्या तोंडानं.

त्या माणसांपैकी एकानं कमरेइतक्या पाण्यात उडी टाकली. आईचा बुरखा तोवर वाहून गेला होता. त्यानं मान फिरवली आणि तिच्याकडे पाठ केली. ‘आजी, माफी असावी. माझ्या गळ्यात हात टाका.’ तिला पाठुंगळी घेऊन तो वर चढला. दुसऱ्यानं दोर टाकून मला ओढलं. तंबू वाहत गेला. आईला गालिच्यावर बसवल्यावर फैहान आला आणि त्या माणसाला म्हणाला, ‘पुरे, पुरे. आता मी बघतो.’ ती माणसं कॉफीचा घोटही न घेता गेली. शरम आम्हालाच वाटली.

पुढच्या आठवड्यात जीव वाचला म्हणून भाऊबंद भेटायला आले. पुरुष बैठकीत, आम्ही पडद्याआड. फैहाननं किटली हातात घेतली आणि सुरू केलं. ‘पाणी छातीपर्यंत! मी मागचापुढचा विचार केला नाही. अंगरखा फेकला, उडी टाकली, मावशींना खांद्यावर घेतलं.’ सासूला तो मावशी म्हणतो. बैठकीतून वाहवा झाली. तरफा नखं बघत बसली. मी उठणार, एवढ्यात आईनं काठी टेकली आणि स्वतःच पडद्याशी गेली. जन्मात ती पुरुषांच्या बैठकीला ऐकू जाईल असं बोलली नव्हती.

‘फैहान!’

‘जी, मावशी?’

‘ज्यानं मला उचललं त्याच्या अंगाला बकऱ्यांचा वास होता, बाळा. तुझ्या अंगाला अत्तराचा येतो.’

 पलीकडे कुणीतरी पेला खाली ठेवला.

‘या गुरुवारी तंबू टेकाडावर लागेल,’ आई म्हणाली. ‘भोवती कनात. ठोकणार तू, एकटा. मी समोर खुर्ची टाकून बघत बसणार आहे. तोंड झाकून.’