दुसरा खटका

वातीला बिडी लावली, उठायला गेलो आणि गुडघा अडकला.

वात म्हणजे काय ते आधी सांगतो. विहिरीला खडक लागला की कुदळ चालत नाही. मग खडकाला खोल भोक पाडायचं, त्यात जिलेटिनची कांडी सारायची, तिला स्फोटाची टोपी बसवायची, वरून माती ठासायची आणि फ्यूज बाहेर काढायची. ह्याला सुरुंग म्हणतात आणि फ्यूजला आम्ही वात म्हणतो. वात पेटवली की ती सुरसुरत आत जाते. तेवढ्यात माणसानं वर यायचं. आमचा सगळा धंदा त्या 'तेवढ्यात'वर चालतो.

आणि मी खाली, उकिडवा बसलेला. उजवा पाय दुमडलेला तो दुमडलेलाच. सरळ होईना. कुणी दोन्ही हातांनी पोटरी धरून ठेवावी तसा.

मागं टेकलो, पाठीनं भिंतीला रेटा दिला, पाय झटकला. गुडघ्यात खट झालं. सुटला नाही. मग माझ्या पाठीमागं, पूर्वेच्या भिंतीत, तसंच खट झालं. थोडं उशिरानं. विहिरीत आवाज फिरून येतो हे मला नवं नव्हतं. पण फिरून आलेला आवाज चारीकडून येतो. हा एकाच जागेहून आला.

वरून रशीदभाई ओरडला, "मुकादम, पायाला मरू द्या! साखळी धरा!"

रशीदभाई म्हणजे माझा यारीवाला. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं इंजिनाचं उचलयंत्र. त्याच्या लोखंडी बादलीतून दगड वर जातात, आणि अडल्या वेळी माणूसही. मी दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळलो. त्यानं ओढलं, काठावरून फरफटत लांब नेलं आणि अंगावर पडला. मग सुरुंग उडाले. धूळ बसल्यावर तो उठला आणि म्हणाला, "आपली कबर स्वतः खोदून राहिले का मियाँ?"

मी लोहा गावचा. दुसरी शिकलेला. विहिरी फोडण्यात माझा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, हे मी आजही खाली मान घालून सांगणार नाही. ही विहीर अहमदपूरच्या बाजूला होती. लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. गावाच्या पाटीवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं होतं, अन् पाटीखाली बाया टँकरची वाट बघत बसायच्या. पाऊस सलग फसला होता. शिवलिंगअप्पा म्हणून डाळीचे व्यापारी, त्यांनी आपल्या रानातली जागा गावाच्या पाण्याला दिली आणि विहीर मला दिली.

त्या दिवसापासून रशीदभाईनं नियम केला. "मुकादम 'अडकला' म्हणले की हातातलं टाकायचं. गड्यांनी शिडीनं वर निघायचं, खाली कुणी ऱ्हायचं न्हाई. मग मी एकट्या मुकादमाला ओढतो." दोघं गडी हाव म्हणाले. माझ्या विहिरीत माझ्यावर नियम!

गुडघा अडकायला लागून बरेच महिने झाले होते. घमेलं उचलताना पाय दगडाच्या फटीत राहिला आणि अंग फिरलं, तेव्हापासून. घरी अडकायचा, एसटीत अडकायचा. पण तिथं हलवला की सुटायचा. त्या विहिरीतच सुटायचा नाही. आणि तो दुसरा खट तिथंच यायचा.

गावात बोलणं सुरू झालं. आमच्याकडं पाण्याच्या जागेत आसरा राहतात असं मानतात. सात बहिणी. त्या पाय धरतात.

अप्पा मला सावलीत घेऊन बसले. "मुकादम, मी शिकलेल्यातला माणूस हाय. पण ओटी भरून टाकू की. नारळ, खण. आपलं काय जातंय?"

"अप्पा, पाणी लागायच्या आधीच आसरा आल्या व्हय? कोरड्या विहिरीत काय करून राहिल्या त्या?"

"तेच तर लोक म्हणून राहिले. पाणी त्यांनीच धरलंय."

मी उठलो. उठताना अडकला. अप्पा माझ्या पायाकडं बघत राहिले, मी दुसरीकडं.

शेवटी गया, माझी बायको, म्हणाली, "आसरा असू द्या न्हाईतर हाड. पण एक दिवस तुमचे तुकडे घमेल्यात यायचे. ते मला ओळखू तरी येतील का?" दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी धरली.

जिल्हा झाल्यापासून लातुरात हाडाचे डॉक्टर बसायला लागले होते. हा पोरसवदा होता.

"बसा."

"बसता आलं असतं तर आलो असतो का?"

हसला. मला आडवं केलं. गुडघा दुमडला, तळपाय आत-बाहेर फिरवत हळूहळू सरळ केला. खट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा चेहरा उजळला. एक्स-रेत काही दिसलं नाही. तो म्हणाला दिसणारही नाही, कारण दुखणं हाडात नाही. दोन हाडांच्या मधे कूर्चेची गादी असते. चंद्रकोरीसारखी, रबरासारखी चिवट. माझी फाटली होती. फाटलेली फाक मधे घुसते आणि दारात खडा अडकावा तसा पाय अडकतो.

"काढून टाकू. अडकणं थांबेल."

"आन मग गादीबिगर?"

"चालाल. पण खोटं सांगणार नाही. म्हातारपणी गुडघा कुरकुरेल, दुखेल."

"आन न्हाई काढली तर?"

"अडकत राहील. कुठे अडकेल ते मला सांगता येणार नाही."

"ते मला ठाव हाय," मी म्हणालो.

तरी मी हो म्हटलं नाही. आमच्या गल्लीत एक सुतार होता. त्याचा गुडघा कापला तो लाकडासारखा ताठ झाला, पुढं बसता आलं नाही की चढता आलं नाही. विहिरीत न उतरणारा मुकादम कोण विचारतो? आणि ऐन दुष्काळात मी खाटेवर पडलो तर विहीर अर्धी राहणार, माझं नाव घेऊन. लोक म्हणणार, आसरांनी हाकलला.

परत येऊन मी एकदा एकटाच खाली उतरलो. भर दुपारी, ऊन तळाला पडलेलं. ठरवून उकिडवा बसलो. अडकला. भिंतीला टेकून झटका दिला. खट. आणि मागं, खट. मी म्हणालो, "कोण हाय?" माझाच आवाज चारी बाजूंनी आला. साखळीला लोंबकळून वर आलो आणि रशीदभाईला म्हणालो, "लातूरला चल. कापून घेतो."

ऑपरेशनच्या वेळी मी जागा होतो. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिलं आणि कमरेखाली कुणी नव्हतंच. छातीवर हिरवा पडदा. पडद्याच्या वर एक पाय उचललेला दिसला, पिवळं औषध फासलेला. कुणाचा असंल म्हणून बघत राहिलो. बोटावरचा जुना घाव दिसला तेव्हा कळलं, माझा. डॉक्टरानं तो दुमडला. खट. मी सवयीनं वाट बघितली. भिंतीला पांढऱ्या फरशा होत्या. त्यांच्यातून काही आलं नाही. मनात म्हटलं, खोलीत कसा घुमेल? पण ते मनात टोचत राहिलं.

नंतर त्यानं बाटलीत गादी दाखवली. भेंडीच्या फाकेएवढी, पांढरी. एवढ्याशानं मला सुरुंगावर धरून ठेवलं होतं.

खरी लढाई नंतरची. टाके निघाले आणि डॉक्टर म्हणाला, पाय सरळ ठेवून उचला. मी म्हटलं, त्यात काय. पायाला सांगितलं, उचल. पाय पडून राहिला. ढिम्म. पुन्हा सांगितलं. माझ्याकडं बघत असल्यासारखा तो आपला पडलेला. माझा पाय माझं ऐकत नाही, हे त्या विहिरीपेक्षा भ्या वाटण्यासारखं होतं. मांडीचं मांस वितळून गेलं होतं.

गया म्हणाली, "डोंगर फोडणाऱ्याला सोताचा पाय उचलंना?" ती ते हसत म्हणाली आणि आत जाऊन डोळे पुसले. मला माहीत नाही असं तिला वाटलं.

मग मी पायाशी हट्ट धरला. आधी नुसतं मांडी आवळायची. मग टाच अंगठाभर वर. मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून. उकिडवं बसायची मनाई, त्यामुळं सकाळचा प्रश्न. रशीदभाईनं जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आणली. गल्ली बघायला गोळा झाली. तो म्हणाला, "एक गादी काढली, ही दुसरी घ्या. हिच्यावर बसून राज्य करा!" पहिल्यांदा मला राग आला. मग मीच सगळ्यांत जास्त हसलो.

मधल्या काळात अप्पांनी दुसरी टोळी आणून बघितली. त्यांचा मुकादम खाली उतरला, बिडी ओढायच्या आत वर आला. म्हणाला, "ज्याचा पाय धरला त्याचीच ही विहीर. आमाला नगं." विहीर तशीच पडून राहिली. टँकर कधी यायचा, कधी नाही.

मी परत गेलो तेव्हा गाव जमलं होतं. कशाला ते मला कळत होतं. शिडीनं उतरलो. पाय कुठं अडला नाही. तळाला दोघं गडी पूर्वेच्या बाजूला भोकं पाडायला बसले. मी मधोमध उभा. भिंतीपासून लांब, कशालाही टेकलेलो नाही, गुडघा सरळ.

खट.

मी खाली पायाकडं बघितलं. पायात काही झालं नव्हतं. जिथून आवाज यायचा तिथं आता काही नव्हतंच. ते तर लातूरला बाटलीत होतं.

पुन्हा खट. तीच जागा, तोच आवाज, हुबेहूब माझ्या गुडघ्याचा. आणि मग एकदम उमगलं. हा कधीच माझ्या आवाजाचा घुमारा नव्हता. भिंतच वाजत होती. मी दर वेळी पाठ लावून रेटा द्यायचो आणि ती तसूभर सरकायची. आज तर कुणी रेटत नव्हतं.

दोघं गडी तिच्या पायाशी बसलेले. आता काय म्हणायचं? भिंत बोलतीय म्हटलं, तर हे आसरा म्हणून जागेवर थिजणार. वर चला म्हटलं, तर का म्हणून वाद घालणार, मुकादम ऑपरेशननं भित्रा झाला म्हणून हसणार. काठावर सगळं गाव माझा पाय बघायला उभं. त्या पायासाठी मी काय काय केलं ते मलाच माहीत.

मी मांडी धरली आणि खाली बसल्यासारखा वाकलो.

"अडकला!"

मोठ्या गड्यानं, विठोबानं, पहार टाकली. "आं? परत?"

"परत! नियम काय हाय? निघा!"

विठोबा शिवी देत शिडीला लागला, मागून दुसरा. वर काठावर कुजबुज झाली ती मला ऐकू येत होती. मी खाली एकटा, पाय धरून. खट. खट. आता थांबून थांबून नव्हतं. बादली आली. बसलो. रशीदभाईनं ओढलं.

काठावर उतरलो तेव्हाही पाय दुमडूनच ठेवला. अप्पा पुढं आले. "झालं! एवढं कापूनबी काय उपेग? मी तवाच म्हणत हुतो..."

त्यांचं म्हणणं पुरं झालं नाही. खालून मोठा आवाज आला, मग धुळीचा लोट. बैलगाडीएवढी शिळा सुटून तळाला आली होती. शिडी तिच्याखाली, दोन्ही पहारी तिच्याखाली. जिथं दोघं बसले होते ती जागा दिसत नव्हती. आमच्याच सुरुंगांनी तिच्या मागं चीर गेली होती.

सगळे मागं पळाले. मीही पळालो.

लांब जाऊन विठोबा माझ्याकडं बघत राहिला. "मुकादम, पाय तर चालून राहिला तुमचा."

"सुटला आत्ताच."

रशीदभाईनं माझ्याकडं बघितलं. बिडी पेटवून माझ्या हातात दिली.

शिळेमागं कोरडा मुरूम होता, पाणी नव्हतं. शिळा फोडून काढली, आणखी खाली गेलो, तेव्हा पाणी लागलं. गुडघाभर. तेवढ्यावर गावानं तो उन्हाळा काढला. अप्पांनी ओटी भरलीच. गाव म्हणालं, आसरांनी पाय सोडला आणि पाणी दिलं. मी वाद घातला नाही.

डॉक्टर मात्र चिडला. तिकडचे लोक त्याच्याकडं यायचे बंद झाले, मुकादमाचा कापूनही अडकला म्हणून. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मग हे लोकांना सांगा ना." तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर विठोबाला कळलं असतं की ज्या भिंतीखाली तो रोज बसायचा ती कधीची सरकत होती, आणि तो परत विहिरीत उतरला नसता. आता विठोबा राहिला नाही, मीही उतरत नाही. म्हणून हे लिहून राहिलो. ऑपरेशन फसलं नव्हतं.

लोक विचारतात गुडघ्याचं काय करावं. मी एवढंच सांगतो, आपल्या अंगाचा आवाज कुठला आणि जागेचा कुठला हे कळत नसंल, तर आधी अंग दुरुस्त करून घ्या.

आता म्हातारपणी गुडघा वाजतो, डॉक्टर म्हणाला होता तसाच. घरात बसल्या बसल्या खट होतं. गया म्हणते, तेल लावू का. मी आधी मागं वळून भिंतीकडं बघतो.